पुळणीवरील वस्तू आणि बालकाचे गृहशिक्षण

तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकाला शिकण्यासाठी प्रत्यक्ष वस्तूंचे साहाय्य हवे, हा सिद्धांत आता वादाचा राहिलेला नाही. मतभेद आहे तो ह्या वस्तू कोणत्या असाव्यात आणि त्या मुलापुढे कोणत्या रीतीने याव्यात, याविषयी. कोकणपट्टीतील घरांना ह्या प्रश्नाचे एक उत्तर दारापासून हाकेच्या अंतरावर उपलब्ध असते. शिंपले, कवड्या, शंख, वाळू, खारे पाणी, किनाऱ्यावर वाहून आलेल्या बिया यांच्याशी मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. परंतु त्या खेळात शिक्षण नेमके कोठे घडते, याचा विचार क्वचितच केला जातो. उलट, शाळेच्या पूर्वतयारीसाठी म्हणून जी साधने घरोघर विकत आणली जातात, त्यांतील समुद्र छापील असतो. त्यात दीपगृह असते, निळा देवमासा असतो, अष्टपाद असतो. बोंबील मात्र नसतो, आणि ओहोटीही नसते. मालवणच्या किंवा मुरुडच्या मुलाने स्वतःच्या समुद्राकडे पाठ करून ह्या छापील समुद्रात रंग भरावेत, ही गोष्ट चमत्कारिक खरी. परंतु तिचा विचार केवळ स्वदेशाभिमानाच्या दृष्टीने करून भागणार नाही. तयार साधन आणि वेचून आणलेली वस्तू यांत बुद्धीच्या व्यापाराच्या दृष्टीने काय भेद आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

बालशिक्षणातील शास्त्रीय साधनांची परंपरा फ्रीड्रिख फ्रोबेल याच्यापासून सुरू होते. त्याने १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे आपली बालशाळा काढली आणि चेंडू, घन, वृत्तचिती यांचे संच मुलांच्या हाती दिले. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे ‘बालगृह’ सुरू केले, तेव्हा त्या साधनांना अधिक काटेकोर रूप आले. माँटेसरी साधनांचे मुख्य तत्त्व गुणाचे पृथक्करण हे आहे. उदाहरणार्थ, गुलाबी मनोऱ्यातील दहा घन घ्यावेत. त्यांचा रंग एक, लाकूड एक, आकृती एक; भिन्न आहे ते फक्त आकारमान, आणि तेही १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत समान पायऱ्यांनी वाढणारे. मुलाचे लक्ष अन्यत्र जाऊ नये, म्हणून बाकीचे सर्व गुण जाणूनबुजून स्थिर ठेवलेले असतात. इंद्रियशिक्षणाच्या दृष्टीने ही योजना फार मोलाची आहे, याविषयी शंका नाही. तथापि, तीत एक गोष्ट मुलाच्या हातून काढून घेतलेली असते. कोणत्या गुणाकडे पाहायचे, हे साधन बनविणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. मूल क्रम लावते. निकष मात्र त्याचा नसतो.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला तोंड फुटले ते प्रथम खर्चाच्या निमित्ताने. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केले होते; १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या सहकार्याने बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे अरबी समुद्राच्या काठचे गाव. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेले आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणारे. शहरातील सुस्थित मुलांसाठी बनविलेली माँटेसरी साधने खेड्यातील बालवाडीला परवडणे शक्य नव्हते. म्हणून परिसरात मिळणाऱ्या बिया, पाने, गोटे, शंखशिंपले, माती, बांबू अशा वस्तूंकडे ह्या शिक्षिका वळल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, ही कल्पनाही येथेच रुजली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातून आला आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर रूढ झाला.

ह्या बदलाकडे पुष्कळदा केवळ काटकसरीचा उपाय म्हणून पाहिले जाते. लाकडी घन मिळत नाहीत, तर शिंपल्यांवर भागवावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. वस्तुतः शिंपल्यांचा ढीग हा लाकडी घनांचा स्वस्त पर्याय मुळीच नाही. तो वेगळ्याच जातीचे काम मुलापुढे ठेवतो. त्या ढिगात आकार, आकारमान, रंग, खरबरीतपणा, जाडी, वजन, चकाकी, अखंडता हे सर्व गुण एकाच वेळी आणि एकमेकांत गुंतून भिन्न झालेले असतात. कोणतेही दोन शिंपले सर्वस्वी सारखे नसतात आणि कोणतेही दोन सर्वस्वी वेगळेही नसतात. अशा ढिगापुढे बसलेल्या मुलाला वर्गीकरण करण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा लागतो: कशावरून? हा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागणे, यात किनाऱ्यावरील वस्तूंचे खरे शैक्षणिक मूल्य आहे.

ह्या निर्णयाची वाढ कशी होते, याचे वर्णन बार्बेल इनहेल्डर व ज्याँ पियाजे यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केलेले आहे. साधारणतः तीन-चार वर्षांचे मूल ‘सारख्या वस्तू एकत्र ठेव’ असे सांगितले असता वर्ग करीत नाही, चित्र करते. मोठा शिंपला आई, लहान शिंपले तिची बाळे, भोवती गोट्यांचे कुंपण, अशी मांडणी होते. त्यापुढील अवस्थेत मूल निकष धरते, परंतु तो टिकवीत नाही. पांढऱ्या शिंपल्याजवळ दुसरा पांढरा ठेवते. तो दुसरा लांबट असल्यामुळे तिसरा लांबट ठेवते. तिसरा फुटका असल्यामुळे चौथा फुटका. आरंभापासून अखेरपर्यंत एकच निकष पाळणे पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमू लागते. आणि मोठ्या वर्गाच्या पोटात लहान वर्ग असतो, हे ध्यान त्याहूनही उशिरा येते. दहा शिंपल्यांपैकी सात पांढरे असतील आणि ‘पांढरे शिंपले जास्त, की शिंपले जास्त?’ असे विचारले, तर सहा वर्षांचे हुशार मूलही ‘पांढरे’ असे उत्तर देते. ते पांढऱ्यांची तुलना उरलेल्या तिघांशी करते. ह्या उत्तरावर हसू नये. तसेच ते दुरुस्त करण्याची घाईही करू नये.

घरातील कृती यावरून ठरवावी. वीस-पंचवीस शिंपले धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून एका सुपात द्यावेत. दोन-तीन रिकाम्या करवंट्या शेजारी ठेवाव्यात आणि ‘जे एकमेकांचे वाटतात ते एकत्र ठेव’ एवढेच सांगावे. मोठ्या माणसाचे काम येथे पुष्कळसे गप्प बसण्याचे आहे, आणि नेमके हेच घराघरांत अवघड जाते. मुलाने हात घातला न घातला तोच ‘रंगाप्रमाणे लाव हं’ अशी सूचना येते, आणि सुपातील शिंपले त्या क्षणी लाकडी घनांसारखे होऊन बसतात. मांडणी पुरी झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: “हे सगळे इथे का ठेवलेस रे?” “हे टोचत नाहीत,” असे उत्तर येईल; “हे आजीकडचे,” असेही येईल. दुसरे उत्तर तर्कदृष्ट्या पहिल्याइतकेच ग्राह्य आहे, कारण कोठून आणले हाही वस्तूचा एक धर्मच होय. नंतर सर्व शिंपले पुन्हा सुपात मिसळून, “आता दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने लावता येतील का?” असे विचारावे. त्याच वस्तू निराळ्या निकषाने निराळ्या वर्गांत पडतात, हा अनुभव पहिल्या वर्गीकरणाहून अधिक महत्त्वाचा आहे.

काही निकष मुलाला सहजी सुचत नाहीत. ते पुढे वस्तूच सुचवितात. शिंपल्याची दोन पुटे असतात आणि ती बिजागरीने जोडलेली असतात; किनाऱ्यावर बहुधा एकेक सुटे पुट सापडते. एका पुटाचे जोडीदार पुट हुडकणे हा खेळ चार वर्षांच्या मुलालाही रमवितो. पुष्कळ जातींत ही दोन पुटे आरशातील प्रतिबिंबासारखी, एक डावे तर एक उजवे, अशी असतात, हे त्याच्या ध्यानात आपोआप येते. शंखांचेही तसेच. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख ओळीने मांडले, तर जवळजवळ सर्वांचे तोंड उजव्या हाताला पडते. उलट वळणाचा शंख अत्यंत विरळा असतो. दक्षिणावर्ती म्हणून देव्हाऱ्यात ज्याचे माहात्म्य मानले जाते, तो पवित्र शंखाचा असाच विरळा प्रकार होय. (शंख धरण्याची पूजेतील रीत उलटी, म्हणून नावातील दिशाही उलटी.) मुलाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. ओळीतील सर्व शंख एकाच बाजूला पाहत आहेत, एवढे त्याला स्वतःला दिसले म्हणजे पुरे.

तसेच काही शिंपल्यांना टोकाजवळ एक गोल, कडा घासून गुळगुळीत केल्यासारखे भोक असते. माळ ओवण्यासाठी मुले असे शिंपले मुद्दाम वेचतात. हे भोक कोणी पाडले, हा प्रश्न मुलाकडूनच यावा अशी वाट पाहावी, आणि तो बहुधा येतोच. शंखात राहणारे काही मांसाहारी मृदुकाय प्राणी वाळूत शिंपल्याला गाठतात, कानशीसारख्या खरखरीत जिभेने व विशिष्ट स्रावाच्या साहाय्याने त्याचे कवच कोरतात आणि आतील मांस खातात. भोकाचे शिंपले एका करवंटीत आणि बिनभोकाचे दुसऱ्या करवंटीत असे वर्ग पाडल्यावर पाच वर्षांच्या मुलाच्या हाती केवळ दोन ढीग उरत नाहीत. कोण कसे मेले, याचा एक पुरावा येतो. शास्त्रातील वर्गीकरण ज्या कामासाठी असते, त्याची ही अगदी पहिली ओळख म्हणता येईल.

संख्याबोधाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एक ते दहा म्हणता येणे म्हणजे मोजता येणे नव्हे. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्याची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच अंकनाम, अंकनामांचा स्थिर क्रम, शेवटच्या अंकनामाने समूहाची संख्या दर्शविणे, कोणत्याही वस्तू मोजता येणे, आणि कोठूनही आरंभ केला तरी संख्या तीच येणे, ही ती तत्त्वे होत. यांपैकी शेवटचे तत्त्व छापील पुस्तकात शिकताच येत नाही, कारण चित्रातील पाच मासे जागचे हलत नाहीत. शिंपले हलतात. डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले, मधल्यापासून सुरुवात केली, तरी सातच आले, याचा विस्मय मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो.

पियाजेचा संख्येच्या अक्षय्यतेचा प्रयोग सर्वश्रुत आहे. समोरासमोर मांडलेल्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ लांबवली की चार-पाच वर्षांचे मूल ‘ह्यात जास्त’ असे म्हणते. यावरून ह्या वयात संख्येची कल्पनाच पक्की झालेली नसते, असे अनुमान दीर्घकाळ काढले गेले. परंतु १९७० च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक मार्मिक शंका उपस्थित केली. वडीलधारे माणूस मुद्दाम ओळ हलविते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा काहीतरी बदलले असलेच पाहिजे, असे मूल समजत असेल काय? त्यांनी ओळ विस्कटण्याचे काम एका खोडकर खेळण्यातील अस्वलाकडे दिले. अस्वलाने ‘चुकून’ ओळ विस्कटली, तेव्हा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मुलांनी संख्या तीच आहे असे बरोबर सांगितले.

किनाऱ्यावर ह्या अस्वलाची गरज नाही. तेथे लाट आहे. ओल्या वाळूवर, लाटेची जीभ जेमतेम पोचेल अशा ठिकाणी, मुलाने सहा गोटे ओळीने लावावेत. लाट येते, ओळ मोडते, गोटे इतस्ततः होतात. मूल धावत जाऊन पाहते आणि विचारते ते ‘सगळे आहेत का?’ असे. येथे परीक्षक नाही, दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न नाही, आणि प्रयोगाचा हेतू ओळखण्याचे दडपणही नाही. घरी हीच गोष्ट परातीत पाणी हिंदकळवून करता येते. कमी वयात अधिक समजावे, अशी ही युक्ती नाही. मुलाला जेवढे समजलेले आहे तेवढे दिसावे, असा तिचा उपयोग आहे.

मराठी घरांतील दोन जुने खेळ येथे आठवतात. सागरगोटे हे नावच समुद्राचे आहे. सागरगोट्याचे काटेरी झुडूप किनाऱ्यालगत वाढते, आणि त्याच्या कठीण, राखी रंगाच्या बिया पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. पाच सागरगोट्यांच्या खेळात एक वर उडवून तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरील चार उचलायचे असतात: प्रथम एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चार ह्या संख्येची विघटने बोटांनी पाठ होतात. दुसरा खेळ कवड्यांचा. पाच कवड्या फेकाव्यात. उताण्या किती आणि पालथ्या किती ते पाहावे. तीन उताण्या असतील तर पालथ्या दोनच असणार, हे काही फेकींनंतर न मोजता सांगता येऊ लागते. पटावरील सोंगट्या चालविण्यासाठी वडीलधारी मंडळी ज्या कवड्या वापरीत, त्यांतच बेरीज-वजाबाकीचा हा परस्परसंबंध दडलेला होता.

वाळूविषयी थोडक्यात सांगता येईल. कोरडी वाळू ओतता येते, ओली वाळू घडविता येते, आणि फार ओली झाली की पुन्हा वाहू लागते. कणांमधील पाण्याच्या पातळ पापुद्र्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात. पापुद्रा नसेल किंवा सर्व पोकळीच पाण्याने भरली असेल, तर ही पकड राहत नाही. किल्ला बांधताना पाणी किती, याचा शोध मूल स्वतः घेते. अक्षरओळखीसाठी वाळूची थाळी अलीकडे पुष्कळ बालशाळांत नवीन साधन म्हणून आणली जाते. पण पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी ती हीच. धुळाक्षरे हा शब्द तेव्हापासूनचा आहे. बोटाने वळण गिरवावे आणि चुकले तर हाताने पुसून टाकावे, एवढी मोकळीक कागद देत नाही.

काळाच्या कल्पनेसाठी मात्र किनाऱ्याइतके समर्थ साधन अन्यत्र मिळणे कठीण. कोकण किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. म्हणजे आज ज्या वेळी पाणी पूर्ण भरले, त्याहून उद्या ते साधारण ५० मिनिटे उशिरा भरते. किनाऱ्यावरील जुन्या रीतीप्रमाणे तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते: चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता, आणि ती दिवसा तशीच रात्री. एका पक्षाच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊण तास हा त्याचाच व्यवहारी आकडा होय. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. ह्या हिशेबाने मुलाला घेऊन पुळणीवर जाण्यास द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम ठरते. त्या दिवशी ओहोटी आठच्या आगेमागे असते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर हटलेले असते. अष्टमीच्या भांगाला ओहोटी भर दुपारी, आणि तीही अपुरी. स्थळपरत्वे वेळेत फरक पडतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या ठिकाणचे भरती-ओहोटीचे कोष्टक अवश्य पाहावे.

हे गणित पालकांसाठी आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी भिंतीवर एक कागद पुरे. त्यावर रोज रात्री चंद्र जसा दिसेल तसा काढावा आणि शेजारी पाण्याची स्थिती दाखविणारी एक रेघ ओढावी. महिनाभरात मोठा चंद्र आणि मोठी भरती यांची सांगड मूल घालते. अमावास्येला चंद्र नसतानाही उधाण येते, तेव्हा ते कोड्यात पडते. ते कोडे तसेच राहू द्यावे. प्रत्यक्ष किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला एक काठी रोवून, काही वेळाने दुसरी, मग तिसरी रोवली, तर पाणी येत आहे की जात आहे हे काठ्या सांगतात. ओहोटीच्या वाळूवर लहान खेकड्यांनी बिळाभोवती रचलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षीही ह्याच वेळी पाहावी. हे खेकडे वाळूतील खाद्यकण टिपून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पुढील भरती सर्व नक्षी पुसते, आणि त्यापुढील ओहोटीला ती नव्याने दिसते.

खाऱ्या पाण्याचे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाटीभर पाणी ताटलीत घालून उन्हात ठेवले, तर दोन-चार दिवसांत लहान चमचाभर मीठ तळाशी उरते. मिठागरात होते ते हेच. कच्चा बटाटा साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो. पण नुसत्या समुद्राच्या पाण्यात तो तरंगत नाही, त्यात आणखी मीठ घालावे लागते. शंख कानाला लावल्यावर येणारी गाज समुद्राची नसते. भोवतालचाच सूक्ष्म आवाज पोकळीत घुमतो. रिकामा पेला कानाशी धरून मूल हे स्वतः पडताळून पाहू शकते. कागदी मासे कातरणे, शिंपल्यांची चित्रे चिकटविणे इत्यादी हस्तव्यवसाय करमणुकीला ठीक आहेत. त्यांवर घालविला जाणारा वेळ मात्र त्यांतून मिळणाऱ्या ज्ञानाच्या मानाने पुष्कळच अधिक असतो.

आता एका अधिक गंभीर गोष्टीचा विचार करावयास हवा. कोळ्याच्या घरातील सहा वर्षांच्या मुलाला बांगडा, तारली, मांदेली, मुडदुशी हे मासे वेगळे ओळखता येतात. पाग, रापण आणि डोल ह्या जाळ्यांतील भेद त्याला दिसतो. १ जून ते ३१ जुलै ह्या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास हालचाल पुन्हा सुरू होते, हे त्याच्या अंगी मुरलेले असते. म्हणजे वर्गीकरण, साधनांचा विचार आणि कालगणना यांत ते आपल्या वयाच्या मानाने पुढे असते. शाळेत आल्यावर मात्र ह्या ज्ञानाला जागा राहत नाही. ‘मासा’ ह्या एकाच शब्दाखाली एकच चित्र त्याच्यापुढे येते, आणि ज्याला आठ नावे ठाऊक आहेत त्याने ते एक नाव शिकल्याबद्दल शाबासकी घ्यावी, अशी अपेक्षा असते. यातून मूल जे शिकते ते हेच, की घरी कळलेले शाळेत चालत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि घरच्या भाषेवर भर दिला. परंतु घरची भाषा म्हणजे केवळ घरचे व्याकरण नव्हे. तीत घरच्या वस्तूंचे वर्गही येतात. मुंबई-रायगडकडील चिंबोरी सिंधुदुर्गात आणि गोव्यात कुर्ली होते. दोन्ही शब्द मुलाच्या कानी पडू द्यावेत. पुस्तकी शब्द तिसरा म्हणून येईल, पहिल्या दोहोंच्या जागी येऊ नये. ह्या घरांतील आईवडिलांना नवीन उपक्रम शिकविण्याची आवश्यकता फारशी नाही. मासळी निवडताना शेजारी बसलेल्या मुलाला ते जे सांगतात तेच शिक्षण आहे, एवढा विश्वास त्यांना शाळेकडून मिळणे अधिक आवश्यक आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या घरांसाठी निराळा विचार हवा. परभणीच्या किंवा गोंदियाच्या मुलापुढे कल्पनेतील समुद्र उभा करण्याचा अट्टाहास करू नये. त्याच्या नदीच्या वाळूत, गोट्यांत आणि तळ्याकाठच्या शिंपल्यांत वर वर्णिलेली बहुतेक कामे होऊ शकतात. सुपातील ढीग कोठून आला, याला वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्व नाही. समुद्र त्या घरात येतोच, तो स्वयंपाकघरातील मिठाच्या रूपाने. खडेमीठ पाण्यात विरघळवून पुन्हा उन्हात मिळविणे, हा त्याचा प्रारंभ होऊ शकेल.

काही खबरदाऱ्या पाळणे अत्यावश्यक आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती घशात अडकतील असे लहान शिंपले, कवड्या वा बिया देऊ नयेत. पाण्याच्या कडेला मूल असताना मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावे, आणि पावसाळ्यात लाटेजवळचे खेळ सर्वस्वी टाळावेत. परातीतील लाट त्या दिवसांसाठीच आहे. शंकूच्या आकाराच्या काही जिवंत शंखांचा दंश विषारी असतो. म्हणून आत जीव असलेला शंख उचलायचाच नाही, हा नियम आरंभापासून ठेवावा. त्यात प्राण्याचेही रक्षण होते. रिकामा दिसणारा शंख पुष्कळदा खेकड्याचे घर असतो. तो काही वेळ वाळूवर ठेवून चालतो की नाही ते पाहावे, मगच घ्यावा. प्रवाळ आणि शंखांच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये संरक्षित आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. एका वेळी ओंजळभर शिंपले पुरेत.

मुलाच्या प्रगतीची नोंद ठेवू इच्छिणाऱ्या पालकांनी किंवा बालवाडीच्या शिक्षिकांनी गुण देण्याच्या फंदात पडू नये. साध्या वहीत तिथी, दिलेल्या वस्तू, मुलाने पाडलेले वर्ग आणि ‘का ठेवलेस?’ ह्या प्रश्नाला मिळालेले उत्तर, हे उत्तर शक्यतो मुलाच्याच शब्दांत, लिहून ठेवावे. महिन्यातून दोन वेळा तेच सूप तशाच रीतीने पुढे ठेवले, तर वर्षअखेर चोवीस नोंदी होतील. ‘आई आणि बाळे’ कोणत्या महिन्यात मागे पडली, निकष प्रथम केव्हा टिकला, दुसरा निकष न विचारता केव्हा सुचला, हे त्या पानांवरून दिसेल.